प्रोस्टेट आणि केसगळती, दोन्हींसाठी एकच कॅप्सूल? बाबांच्या बाटलीवरून पडलेले प्रश्न

कुशावतीकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

आम्ही गोव्यातल्या केप्याचे. बाबांचं वय ६७. वर्षभरापासून ते रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात, धार बारीक झालीय, झाल्यावरही अर्धवट राहिल्यासारखं वाटतं म्हणतात. धाकटे काका लिस्बनला असतात. त्यांनी सुटीवर येताना एक बाटली आणली. वर 'प्रोस्टेट हेल्थ' लिहिलंय आणि आत सॉ पाल्मेटो, बीटा-सिटोस्टेरॉल, झिंक, सेलेनियम आणि भोपळ्याच्या बियांचं तेल आहे. बाबा ती रोज घेतात आणि त्यावरच थांबलेत. डॉक्टरचं नाव काढलं की 'वयाचं आहे, सगळ्यांना होतं' हे ठरलेलं उत्तर. जोडीला शेजारच्यांनी सांगितलेला गोखरूचा काढा सुरू आहे. अँजिओप्लास्टीनंतर त्यांना अ‍ॅस्पिरिनही चालू आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

दुसरा भाग माझा. मी ३४ वर्षांचा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि टाळूवर केस विरळ होत चाललेत. मोबाईलवर केसांच्या गोळ्यांची जाहिरात आली, तर तिच्यातही पहिलं नाव सॉ पाल्मेटोचंच. काका म्हणाले, मग तूही यातलीच घे. एकच वस्तू बाबांच्या प्रोस्टेटला आणि माझ्या केसांना कशी काय चालते? आणि खरंच चालते का?

तारवटी

मी बोटीवर असतो. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढचे कितीतरी जण ही कॅप्सूल घेतात. अमेरिकेच्या बंदरात सुपरमार्केटमध्ये मिळते, चिठ्ठी लागत नाही. मी स्वतः वर्षभर घेतोय. आधी रात्री दोनदा उठायचो, आता एकदा. मला तरी फरक पडला. झाडपाल्याची वस्तू आहे, अपाय काय करणार? बाबांना बरं वाटत असेल तर चालू दे.

डॉ. म्हादई

कुशावतीकाठ, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं विस्ताराने देते, कारण ते नीट कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. मी सत्तरी तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, शिक्षण बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला झालं. बाबांसारखे रुग्ण मला आठवड्याला भेटतात.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त तीव्र संप्रेरक बनतं. ते बनवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव ५-अल्फा रिडक्टेज. या डीएचटीमुळे प्रोस्टेट वर्षानुवर्षं वाढत राहते. तरुणपणी अक्रोडाएवढी असलेली ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते, त्यामुळे ती वाढली की धार बारीक होते. टाळूवर हाच डीएचटी उलटं काम करतो. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतः त्याला संवेदनशील आहेत, त्यांची मुळं आक्रसतात आणि केस दर फेरीला बारीक होत जातात. खाली वाढ आणि वर घट, पण कारण एकच.

हे कसं उमगलं ते सांगण्यासारखं आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही खेड्यांत अशी मुलं होती जी जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. १९७४ साली त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात हे विकर जन्मापासून कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली आणि कपाळाचे कोपरे कधी मागे सरकले नाहीत. त्यावरून हे विकर अडवणारं फिनास्टेराइड औषध तयार झालं. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी मंजूर झाली आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी. म्हणजे 'एकच वस्तू दोन्हीकडे' ही कल्पना जाहिरातवाल्यांनी हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे भक्कम विज्ञान आहे.

सॉ पाल्मेटो ही फ्लोरिडा आणि आसपासच्या भागात वाढणारी बुटकी ताड-माडाच्या कुळातली वनस्पती. तिच्या फळातला स्निग्ध अर्क प्रयोगशाळेत हेच विकर अडवतो. इथपर्यंतही खरं. पण काचेच्या नळीत जे घडतं ते माणसाच्या शरीरात, तोंडाने घेतलेल्या मात्रेत घडतं का, हे माणसांवरच तपासावं लागतं, आणि ते तपासलं गेलं आहे.

२००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या चाचणीत २२५ पुरुष होते. अर्ध्यांना १६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, वर्षभर. तक्रारींत, धारेच्या वेगात, ग्रंथीच्या आकारात कशातच फरक नव्हता. मात्रा कमी पडली असेल असा आक्षेप आला. म्हणून २०११ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या चाचणीत ३६९ पुरुष घेतले आणि अर्काची मात्रा ७२ आठवड्यांत ३२० पासून ९६० मिलिग्रॅमपर्यंत वाढवत नेली. तारवटीदादा, पुढचा आकडा तुमच्यासाठी आहे. अर्क घेणाऱ्यांचे तक्रारींचे गुण सरासरी २.२ ने कमी झाले. रिकामी गोळी घेणाऱ्यांचे २.९९ ने. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि रिकाम्या गोळीवाल्यांना किंचित जास्तच. तुम्हाला फरक पडला हे मी नाकारत नाही. या आजारात तक्रारी आपोआप कमी-जास्त होतात. उपचार घेतोय म्हणून माणूस रात्रीचं पाणीही जरा जपून पितो.

दुसरी बाजूही सांगते. युरोपात हेक्झेन वापरून काढलेल्या एका ठरावीक प्रकारच्या अर्काला औषध नियामकांनी वाढलेल्या प्रोस्टेटच्या तक्रारींसाठी स्वीकारलं आहे, आणि तिथले काही डॉक्टर तो देतात. पण तो औषध म्हणून बनतो, मोजला जातो. सुपरमार्केटच्या फळीवरची प्रत्येक बाटली तशी नसते.

बाबांच्या अ‍ॅस्पिरिनबद्दल: सॉ पाल्मेटो घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेवेळी जास्त रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. त्या मोजक्या आहेत, पण स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत मी त्या दुर्लक्षणार नाही. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. ते हृदयाचं आहे. बंद करायची ती कॅप्सूल, आणि हृदयाच्या डॉक्टरांना तिची माहिती द्यायची.

वेर्णा क्यूसी

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्या कामातून जोड देतो. मी वेर्ण्याच्या वसाहतीत औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे.

लेबलवर 'सॉ पाल्मेटो ५०० मिलिग्रॅम' एवढंच असेल तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. सुकवलेल्या फळाची नुसती भुकटी असेल तर तिच्यात स्निग्धांश फार थोडा. अर्क असेल तर '८५ ते ९५ टक्के फॅटी अ‍ॅसिड' असं लिहिलेलं असतं. चाचण्यांतले ३२० मिलिग्रॅम या अर्काचे होते. भुकटीची ५०० ची कॅप्सूल आकड्याने मोठी आणि आत हलकी.

भेसळीचं सांगतो. हा अर्क महाग आहे, म्हणून त्यात स्वस्त वनस्पती तेलं मिसळली जातात, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. सॉ पाल्मेटोत लॉरिक आम्ल भरपूर असतं, आणि आपल्या खोबरेलातही. त्यामुळे नुसतं 'एकूण फॅटी अ‍ॅसिड किती' असं मोजणारी साधी तपासणी मिसळलेल्या तेलाला फसते. अस्सल अर्कात ही आम्लं बहुतांश सुटी असतात, तेलात ती ट्रायग्लिसराइडमध्ये बांधलेली. ते प्रमाण तपासलं तर खरं-खोटं कळतं. ती तपासणी कोणी केली, कुठल्या बॅचची केली, हे बाटलीवर नसतं. परदेशातून आली म्हणजे चोख, असं समजू नका. अमेरिकेतही फूड सप्लिमेंट विकण्याआधी ते गुणकारी आहे हे सरकारला दाखवून मंजुरी घ्यावी लागत नाही.

मास्तर फोंडा

मी ७४ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. या विषयावर आपल्याकडे पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

आमच्या वयाच्या माणसांचं आयुष्य या त्रासाने हळूहळू आकसतं. जत्रेला रात्रभर नाटक बघायचं, दुसऱ्या अंकाला उठावं लागतं आणि अंधारात लोकांच्या पायांतून बाहेर जावं लागतं. मग माणूस नाटकालाच जायचं सोडतो. भजनाला मागे दाराशी बसतो. लग्नाला पणजीला जायचं तर कदंबाच्या बसमध्ये जीव मुठीत. घरचे समजतात, म्हातारपणामुळे उत्साह कमी झाला. खरं कारण कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. कुशावतीकाठ, तुझे बाबा 'सगळ्यांना होतं' म्हणतात ते खोटं नाही, पण सगळ्यांना होतं म्हणून त्यावर उपाय नाही असं थोडंच आहे!

माझं निदान बांबोळीला झालं. पहिली पायरी टॅमसुलोसिनची गोळी. ती ग्रंथी लहान करत नाही, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. काही दिवसांतच धार सुधारली. सुरुवातीला अंथरुणातून झटकन उठलं की चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना घ्यायची आणि उठताना काठावर क्षणभर बसायचं.

दोन गोष्टी मला डॉक्टरांनी सांगितल्या, त्या प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक हव्यात. एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर ही गोळी घेतो किंवा पूर्वी घेत होतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. या गोळीने बाहुलीचा पडदा ढिला पडतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. आधी कळलं तर ते तयारी ठेवतात. दुसरी, सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधांतले काही घटक प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी पूर्ण तुंबवू शकतात. आमच्या वाड्यावर एका गृहस्थांचं पावसाळ्यात असंच झालं. मध्यरात्री नळी घालावी लागली. पोट फुगून माणूस अक्षरशः तळमळत होता.

अबोलीची वेणी

इथे सगळं पुरुषांचं चाललंय, पण केसांचा प्रश्न आमचाही आहे. मला गेल्या पावसात डेंग्यू झाला. बरी झाले आणि दोन-अडीच महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायला लागले. न्हाणीच्या जाळीत रोज गोळा. मैत्रिणीने याच सॉ पाल्मेटोच्या गोळ्या सुचवल्या, बायोटिनही त्यात आहे म्हणाली. माझं बाळ वर्षाचं आहे आणि अजून अंगावर पितं.

डॉ. म्हादई

अबोली, तू ती गोळी घेऊ नकोस. जी वस्तू पुरुषी संप्रेरकांत ढवळाढवळ करण्याच्या हेतूने घेतली जाते, ती गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने घ्यायची नाही.

तुझी केसगळती वेगळ्या जातीची आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, वजन एकदम उतरणं, यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात, केस परत येतात. सहा-सात महिने धीर धरावा लागतो. दर वर्षी डेंग्यूचा हंगाम ओसरला की गणपती-दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे अशाच घाबरलेल्या मुली येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तेवढं बघून घे. बाळंतपणानंतर लोह कमी असणं फार आढळतं, आणि ते भरून निघालं नाही तर गळती रेंगाळते. भांगाची रेषा रुंद होत चालली किंवा पाळी अनियमित असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

म्हापशाची फार्मसी

बायोटिनचं नाव निघालं म्हणून लिहिते. काउंटरवर रोज हेच विचारलं जातं.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन शरीराला लागतं त्याच्या शेकडो पट घातलेलं असतं. खरी कमतरता फार क्वचित आढळते, त्यामुळे बहुतेकांना त्याचा केसांसाठी उपयोग नाही. पण रक्ताच्या काही तपासण्या त्याने चुकतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते, थायरॉइडचे आकडेही भलतेच येतात. अबोलीताई, घेत असाल तर थायरॉइड तपासायला जाण्याआधी लॅबला सांगा. ते काही दिवस थांबायला सांगतील.

कुशावतीकाठ, बाबांच्या बाटलीत सेलेनियम आहे लिहिलंत. प्रोस्टेटच्या गोळ्यांत सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व 'रक्षण करतं' म्हणून टाकायची पद्धत आहे. हे दोन्ही कर्करोग टाळतात का, हे बघायला २००१ मध्ये ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली. फायदा दिसत नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. साधं जीवनसत्त्व, आणि हा परिणाम! तारवटीदादा म्हणतात तसं 'अपाय काय करणार' हे मी कोणत्याच गोळीबद्दल म्हणणार नाही.

आणि लेबल वाचायची सवय लावा. आपल्याकडे हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत लिहिणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला प्रोस्टेटचं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत हे वाक्य. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार आहेत, म्हणजे त्यावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही. औषध नियमांच्या शेड्यूल जे या तशाच यादीत टक्कलही आहे. म्हणून जाहिरातीत कोणी 'बरं करतो' म्हणत नाही. 'सपोर्ट करतो', 'पोषण देतो' म्हणतात. गिऱ्हाईक ते 'बरं करतो' असंच ऐकतं आणि महिन्याला हजार-दोन हजार घालवतं. मला ते बघवत नाही. निवृत्तिवेतनातले पैसे असतात ते.

शिरोड्याचा वैद्य

मी आयुर्वेदाचा पदवीधर, शिरोड्याला शिकलो. वनस्पतींच्या बाजूने चार शब्द मला मांडायलाच हवेत, पण तेही तोलून.

मूत्राघाताचं, म्हणजे लघवी अडण्याचं, वर्णन सुश्रुतसंहितेत आहे आणि गोखरू, वरुण म्हणजे वायवर्ण, पुनर्नवा ही द्रव्यं मूत्रविकारांत आम्ही देतो. माझ्या अनुभवात सौम्य तक्रारी असलेल्यांना त्याने आराम वाटतो. पण मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या या द्रव्यांवर अजून व्हायच्या आहेत, आणि सॉ पाल्मेटोवर जेवढं काम झालं तेवढंही आमच्याकडे झालेलं नाही, याची मला खंत आहे. पेडण्यात धारगळला २०२२ मध्ये आयुर्वेदाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. अशा ठिकाणी हे काम व्हावं अशी मनापासून इच्छा आहे.

आता बाबांच्या काढ्याबद्दल. गोखरू मूत्रल आहे. तो काढा संध्याकाळी घेतला तर रात्रीचं उठणं वाढणारच! कितीतरी लोक हे करतात आणि 'आजार वाढला' म्हणून घाबरतात. तो कोणता गोखरू आहे हेही बघा. लहान गोखरू म्हणजे सराटे, जमिनीवर पसरणारे काटेरी. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत वाढतो तो मोठा गोखरू, त्याचं पाणी बुळबुळीत होतं. बाजारात दोन्ही एकाच नावाने देतात. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर कोणताही काढा रक्त तपासल्याशिवाय चालू ठेवू नये. आणि रसौषधी, भस्मं, शिलाजित असलं काही ऑनलाइन मागवून तर मुळीच नाही. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची औषधं नव्हेत.

केसांसाठी माका. आपल्या शेताच्या बांधावर मिळतो. माक्याचं तेल लावल्याने टाळू निगुतीत राहते, मालिश होते, कोंडा-कोरडेपणा असेल तर बरं वाटतं. आनुवंशिक टक्कल मात्र माका थांबवतो असं मी माझ्या रुग्णांना सांगत नाही.

कुशावतीकाठ

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्री बसून बाबांना मास्तरांचा आणि डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. नाटकाचा भाग ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'हे कोणी लिहिलं?' यंदा म्हार्दोळच्या जत्रेला ते का आले नाहीत, ते मला आत्ता कळलं.

दोन शंका उरल्यात. बाबांना भीती कर्करोगाची आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं. आणि माझ्या केसांचं काय? फिनास्टेराइडबद्दल वाचलं तेव्हा भीतीच वाटली.

डॉ. म्हादई

बाबांना सांग, वाढलेली प्रोस्टेट आणि प्रोस्टेटचा कर्करोग हे दोन वेगळे आजार आहेत. एकातून दुसरा होत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ग्रंथी वाढलेली सापडते. पण दोन्हींची लक्षणं सारखी असू शकतात, म्हणून न तपासता 'वयाचं आहे' म्हणणं मला मान्य नाही. कॅप्सूलपेक्षा मला भीती आहे ती याची. बाटली टेबलावर असते तोवर घरात सगळ्यांना वाटतं, उपचार चालू आहे.

तपासणी फार काही नाही. सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. बेरीज सातपर्यंत आली तर सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. लघवीची आणि साखरेची तपासणी, कारण रात्री वारंवार लघवी मधुमेहानेही होते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोनोग्राफी, डॉक्टरांनी बोटाने ग्रंथी तपासणं आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असं नाही. लघवीत जंतुसंसर्ग असला तरी तो वाढतो. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, हाडं दुखू लागली किंवा लघवी पूर्ण थांबली, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी या.

आता तू. ३४ व्या वर्षी कोपरे आणि टाळू विरळ होणं हे बहुधा आनुवंशिकच, पण त्वचारोगतज्ज्ञांनी बघून सांगावं. सॉ पाल्मेटोची केसांसाठी फिनास्टेराइडशी तुलना झाली आहे. २०१२ मध्ये आलेल्या इटलीतल्या अभ्यासात १०० पुरुषांना दोन्हींपैकी एक दोन वर्षं दिलं. सॉ पाल्मेटोवर ३८ टक्के सुधारले, फिनास्टेराइडवर ६८ टक्के. त्यात रिकाम्या गोळीचा गट नव्हता, म्हणून ३८ मधले खरे किती ते त्यावरून ठरत नाही.

मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध दुकानात मिळतं. मुळात ते रक्तदाबाचं, अंगावर केस वाढतात हे दिसल्यावर टाळूसाठी आलं. पहिल्या काही आठवड्यांत थोडे केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून लोक सोडतात. निदान सहा महिने नेमाने लावल्याशिवाय निकाल कळत नाही, आणि थांबवलं की मिळालेलं जातं.

फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, मन उदास होणं हे परिणाम होतात, आणि काहींनी ते औषध थांबवल्यावरही टिकल्याचं सांगितलं आहे. पूर्वी नैराश्य आलं असेल तर आधीच सांग. घेत असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही, कारण ते रक्त गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं. फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. आणखी एक फार महत्त्वाचं: हे औषध पीएसए साधारण निम्म्यावर आणतं. पुढे कधी पीएसए तपासलास तर हे सांगायलाच हवं, नाहीतर वाढलेला आकडा नेहमीसारखा दिसेल आणि आजार निसटेल. यातलं काहीच नको, केस जातील तर जाऊ देत, असं तू ठरवलंस तर तेही पूर्णपणे योग्य आहे. टक्कल हा आजार नव्हे.

तारवटी

डॉक्टर, वाचून विचारात पडलो. आकड्यांपुढे काय बोलणार. माझी तपासणी कधीच झालेली नाही. बोटीवर चढताना मेडिकल होतं, पण त्यात हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात घरी येतोय, आल्यावर करून घेतो. कॅप्सूल एकदम सोडली तर काही होईल का?

डॉ. म्हादई

काही होणार नाही. आज सोडली तरी चालेल. तपासणीपर्यंत संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि दारू टाळा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. सर्दीच्या गोळीबद्दल मास्तर म्हणाले ते बोटीवर विशेष लक्षात ठेवा. तिथे लघवी तुंबली तर मदत लांब असते.

कुशावतीकाठ

बाबा तयार झाले! सोमवारी बांबोळीला नेतोय. बाटली बंद केली, काढाही. काकांना फोन करून सांगितलं, ते आधी रागावले, मग म्हणाले मीही इथे दाखवून घेतो. सोबत काय न्यायचं?

मास्तर फोंडा

शाबास. युरॉलॉजीच्या ओपीडीचे वार आधी फोनवर विचारून घे, म्हणजे फेरी फुकट जायची नाही. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) असेल तर बरोबर ठेव. अँजिओप्लास्टीचे कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती बाटलीही न्यायची, लपवायची नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. धारेचा वेग मोजायची तपासणी भरल्या पोटी, म्हणजे मूत्राशय भरलेलं असताना होते. निदान दीडशे मिलिलिटर लघवी झाली नाही तर आकडा धरत नाहीत. केप्याहून निघताना बाबा खबरदारी म्हणून जाऊन येतील आणि वाटेत पाणी पिणार नाहीत, कारण आम्ही सगळे प्रवासात तेच करतो. तिथे पोचलात की पाण्याची बाटली हातात दे, सावकाश पिऊ दे, आणि नंबर येईपर्यंत त्यांच्या शेजारी बस. संडास कुठे आहे ते आधी दाखवून ठेव, म्हणजे ते निवांत राहतील. दोन-तीन दिवस कितीदा उठतात, किती होते, ते वहीत लिहून नेलंत तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि बाबांना माझा नमस्कार सांग. पुढच्या जत्रेला नाटकाला या म्हणावं, मी कडेची जागा धरून ठेवतो.